मागचं हलकं होतं

अण्णा, मी गाडी घेतली आहे. लाल रंगाची, दोनच माणसांची, कापडी छपराची, आणि मागच्या चाकांनी चालणारी. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून पहिला प्रश्न विचारला असतात, कोणी विकली आणि का विकली? मीही तोच विचारला. लायडस्खेनडाममधले एक निवृत्त गृहस्थ होते, म्हणाले, गुडघे धरतात, एवढ्या खाली बसता-उठता येत नाही आता. माझा विश्वास बसला नाही. मी त्यांना घरातून गाडीपर्यंत चालत येताना आधीच बघून ठेवलं होतं, आणि ते काही लंगडत नव्हते. त्यांनी कॉफी विचारली, तेव्हा मला वाटलं की हा माणूस मला गाडीपासून दूर नेतोय. मी खिशातून तुमचं चुंबक काढलं. तेच, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, फडक्यात गुंडाळलेलं, मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही पेढ्याऐवजी हातावर ठेवलेलं. जिथे पत्रा ठोकून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते तिथे चुंबक धरत नाही, एवढं एकच वाक्य तुम्ही त्यासोबत दिलं होतंत. मी ते बॉनेटवर टेकवलं आणि ते घसरून खाली पडलं. दुसरीकडे टेकवलं, पुन्हा पडलं. डिकीच्या झाकणावरही तीच गत. अख्खी गाडी लांबीची आहे की काय, असं मला वाटायला लागलं. मग आठवलं की या गाडीचं बॉनेट आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं असतं. सेमीकंडक्टरच्या मशीनचे भाग तपासण्यात माझी इतकी वर्षं गेली, आणि मी अ‍ॅल्युमिनियमवर चुंबक चिकटत नाही म्हणून एका म्हाताऱ्या माणसाकडे डोळे बारीक करून बघत उभी होते. त्या गृहस्थांनी चुंबक उचलून माझ्या हातात दिलं. गाडी स्वच्छ निघाली. तरी परतताना आइंडहोव्हन येईपर्यंत मी इंजिनाच्या आवाजात काहीतरी शोधत होते.

हे तुमच्याकडूनच आलं आहे. मी नऊ-दहा वर्षांची असेन, शाळेला सुट्टी होती आणि तुम्ही मला तुमच्या विम्याच्या सर्व्हेच्या कामावर घेऊन गेला होतात. स्वारगेटच्या मागे एक गॅरेज होतं, तिथे विमा कंपनीकडे क्लेम लावलेल्या आपटलेल्या गाड्या उभ्या असायच्या. जमीन तेलाने काळी झालेली. एका पांढऱ्या गाडीचं नाक चेपलं होतं आणि तिचा मालक हातवारे करून सांगत होता की समोरून म्हैस आली. तुम्ही त्याचं सगळं ऐकून घेतलंत आणि मला विचारलंत, "काय दिसतंय?" मी म्हणाले, म्हशीवर आपटली. तुमचा चेहरा मला अजून आठवतो. "ते त्यांनी सांगितलं. तुला काय दिसतंय?" मला काही दिसत नव्हतं. मी खाली बघायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "जमिनीवर नाही, गाडीवर बघ." त्या दिवशी मला रडू आलं होतं. पण नंतर तुम्ही वाकून दाखवलंत की चेपलेल्या भागात विटेची लाल पूड अडकली आहे आणि केस एकही नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा चमत्कार होता. तेव्हापासून कोणी काही सांगितलं की मी आधी विटेची पूड शोधते.

इथे सगळ्यांनी मला सांगितलं की ही उन्हाळ्याची गाडी आहे. नोव्हेंबर आला की झाकून ठेवायची आणि आपण सायकल नाहीतर बस बघायची. माझा नवराही तेच म्हणाला. तो अ‍ॅमस्टरडॅमला झुइडास या ऑफिसांच्या भागात एका बँकेत काम करतो, पहाटेची ट्रेन पकडून जातो, त्याला गाडीचं काय. मला या सल्ल्याचाच संशय आला. जी वस्तू अर्धं वर्ष वापरायची आणि अर्धं वर्ष झाकायची, ती घेतली कशाला? मी हिवाळी टायर बसवले, हिवाळी टायर म्हणजे मऊ रबराचे, खोल खाचांचे, आणि रोज गाडी काढायला लागले. बर्फ इथे फारसा पडत नाही, पडला तरी दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो. त्रास असतो तो ओल्याचा. रात्री पडलेला पाऊस सकाळी गोठतो, झाडांची पानं रस्त्यावर साबणासारखी पसरलेली असतात, कालव्याच्या कडेने जाताना धुक्यात समोरची सायकल तिच्या दिव्यावरून ओळखायची. मिठाचे ट्रक संध्याकाळी रस्त्यावर मीठ टाकत जातात आणि ते मीठ गाडीला खालून खातं, म्हणून दर शनिवारी मी खालून पाणी मारते. कापडी छपराच्या आतून दव गोठतं आणि हीटर तापेपर्यंत माझ्याच श्वासाचे थेंब माझ्या केसांवर पडतात. तरी मला ती आवडते, अण्णा. खूप आवडते. पायाखालची ताकद मागून पाठीला ढकलते, तेव्हा पन्नाशी आली आहे हे क्षणभर विसरायला होतं. हे मी कोणाला सांगत नाही.

दिवाळी झाल्यावर आई आली. तीन महिन्यांचा व्हिसा. त्याआधी पुण्याला एकदा गॅसवर दूध ठेवून ती खाली भाजी आणायला गेली होती, पातेलं जळून काळं झालं, शेजाऱ्यांनी धूर बघितला. त्यावरून दादाचा मला फोन आला. तो म्हणाला, ती एकटी कोथरूडला राहते, मी पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, रोज जाणं होत नाही. त्याने वृद्धांसाठीची एक चांगली जागा बघून ठेवली आहे, नर्स आहे, बाग आहे, भजन आहे. "पण ती तयार होणार नाही. तू तिला तीन महिने तुझ्याकडे ठेव आणि नीट बघ. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. तू सांगशील तसं करू." म्हणजे आई पुन्हा स्वतःच्या दाराला स्वतःची किल्ली लावणार की नाही, हे माझ्या नजरेवर ठरणार होतं. मी नाही म्हणायला हवं होतं का, माहीत नाही. मी बघू म्हणाले, आणि बघायला लागले.

ती आल्यानंतरच्या आठवड्यातली एक सकाळ. घराजवळच्या गोल चौकातून मी बाहेर पडत होते, ओली पानं होती, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जरा जास्त पडला आणि गाडीचं मागचं टोक माझ्या पुढे जायला निघालं. एका क्षणात मला समोरचा रस्ता दिसेना, कडेचं कुंपण दिसायला लागलं. मी स्टिअरिंग उलटं फिरवलं, ती सावरली. मागून येणारा सायकलवाला थांबला आणि त्याने डोक्याला बोट लावून माझ्याबद्दलचं मत दाखवलं. रात्री जेवताना मी हे सगळं हसत हसत नवऱ्याला सांगितलं, हातांनी गाडी करून दाखवली. आई पोळी वाढत होती. ती म्हणाली, "ही कुठल्या चाकांनी चालते गं?" मी म्हणाले, मागच्या. ती म्हणाली, "आणि मागे काय आहे?" मी म्हणाले, "काही नाही, डिकी. जाऊ दे आई, तुला नाही कळायचं." दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं, ही मागच्याच चाकांनी चालते ना. मी हो म्हणाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मी मनात नोंद केली की तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते.

मग नोंदी वाढतच गेल्या. आम्ही तीन माणसं, नवरा रात्रीचीच पोळी खातो, आणि दहा किलोचं पीठ महिनाभरही पुरलं नाही. मी पुन्हा आणलं, तेही संपत आलं. विचारलं तर आई म्हणे, "थंडीत भूक लागते बाई." माझे स्वयंपाकघरातले निळ्या चौकड्यांचे दोन जाड टॉवेल दिसेनात. आई म्हणाली, मी बघितले नाहीत. आणि असं डोळ्यात बघून म्हणाली की मीच गोंधळले. गाडीची किल्ली दाराजवळच्या खुंटीवर असते, ती एकदा देवघरात सापडली, गणपतीच्या पायाशी, वर हळदीकुंकू. एकदा संध्याकाळी वरच्या खोलीत माझी ऑफिसची मीटिंग चालू होती, खिडकीतून सहज खाली बघितलं, तर आई अंधारत आलेल्या अंगणात, गाडीच्या मागे, सपाता घालून नुसती उभी. खाली येऊन विचारलं, तर म्हणाली, काही नाही, हवा खात होते. शून्याच्या खाली गेलेली हवा. तिच्या कोटाच्या बाहीला पीठ लागलेलं होतं.  हे सगळं मी दादाला सांगितलं, एकेक करून, तुमच्यासारखं, आधी काय दिसलं ते आणि मग त्यावरून काय वाटतं ते. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे आहेच." मी इथल्या आमच्या डॉक्टरांची, म्हणजे हाउसआर्ट्सची, वेळ घेतली. शुक्रवारची. आईला सांगितलं की थंडीत ब्लडप्रेशर बघून घेऊ. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, बरं.

या सगळ्यात गाडी मात्र शहाण्यासारखी वागायला लागली होती. त्याच चौकात, तशाच ओल्यात, मागचं टोक जागच्या जागी. आधी मी टायरांना श्रेय दिलं, मग स्वतःच्या पायाला. पण टायर तेच होते आणि पाय काही एवढा सुधारलेला नव्हता. कारण नसताना काही चांगलं झालं की मला झोप लागत नाही. शनिवारी पाणी मारताना मी तुमची ती चार बोटं घातली, टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत. उभी गाडी बसली आहे का, ते तुम्ही असंच बघायचात. पुढे चारही बोटं गेली. मागे चौथं बोट अडकलं. मनात पाल चुकचुकली. स्प्रिंग गेली असणार. म्हणजे लायडस्खेनडामच्या त्या गृहस्थांनी मला फसवलंच, गुडघे म्हणे. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, आधी बरंच वाटलं. शेवटी काहीतरी सापडलं होतं.

बुधवारी मी अर्धा दिवस रजा घेऊन गाडी गॅरेजमध्ये नेली. इथे मालकाने गाडीजवळ उभं राहण्याची पद्धत नाही, बाहेर काचेमागे बसून मशीनची कॉफी प्यायची. मी काचेला नाक लावून बघत होते, हा काय काय उघडतोय. मेकॅनिक चाळिशीतला, लाल दाढीचा. त्याने मागची चाकं बघितली, स्प्रिंगवर बॅटरी मारली, मग डिकी उघडली आणि तिथेच थांबला. वाकला. सरळ झाला. दोन पावलं मागे सरकून त्याने आतल्या दुसऱ्या माणसाला हाक मारली. तो आला, त्यानेही वाकून बघितलं, आणि दोघांनी एकाच वेळी काचेमागच्या माझ्याकडे बघितलं. मग लाल दाढीवाला दारात आला. "मेव्राउ, जरा येता का?" बाईला इथे मेव्राउ म्हणतात, पण त्याच्या आवाजात त्या वेळी आदर नव्हता, सावधपणा होता.

डिकीतला गालिचा त्याने उचलून धरला होता. खाली कापडाच्या चपट्या पिशव्या होत्या, हाताने शिवलेल्या, एकीला एक लागून, गादीसारख्या व्यवस्थित बसवलेल्या. एकीची शिवण जरा उसवली होती आणि तिच्यातून पूड सांडली होती. दुसरा माणूस फोन हातात धरून उभा होता. लाल दाढीवाला इंग्रजीत, अगदी हळू म्हणाला, "हे बघा, मला काहीही माहिती नको आहे." तेव्हा माझ्या लक्षात आलं, अण्णा, की हे मला काय समजताहेत. परदेशी बाई, लाल स्पोर्ट्स कार, आणि गालिच्याखाली शिवून ठेवलेल्या पुडीच्या पिशव्या. मी म्हणाले, हे माझं नाही. हे ऐकून ते आणखी अर्धं पाऊल मागे गेले. मग मी उसवलेल्या शिवणीत बोट घातलं, वास घेतला, आणि नीट खात्री व्हावी म्हणून चिमूटभर तोंडात टाकलं. ते करायला नको होतं. पण चव कळली. "पीठ आहे," मी म्हणाले. "गव्हाचं. पोळीचं." कोणी हललं नाही. जन्मभर मी लोकांकडे ज्या नजरेने बघत आले ती नजर समोरून कशी लागते, हे मला तिथे, त्या थंड फरशीवर उभं राहून कळलं. माणूस खरं बोलत असला तरी घाम येतो.

मग मी पिशवीचं कापड बघितलं. पांढरं, मऊ, धुऊन धुऊन पातळ झालेलं, कडेला लाल रेघ. तुमचे पंचे. आई अजून पोळ्या त्यातच गुंडाळते, येताना बॅगेत घालून आणले होते. मी लाल दाढीवाल्याला म्हणाले, "माझ्या आईने ठेवलंय." मला का ते अजून कळलेलं नव्हतं. त्यालाच आधी कळलं. त्याने पिशवीवर हात ठेवून दाबून बघितलं आणि एकदम हसायला लागला. म्हणाला, त्याचे आजोबा दर हिवाळ्यात गाडीच्या मागे फुटपाथच्या फरशा ठेवायचे, तेव्हाच्या गाड्या अशाच होत्या, मागून ढकलणाऱ्या. मग जरा गंभीर होऊन म्हणाला की तुमचे टायर चांगले आहेत, याची गरज नाही, मागच्या टोकाला वजन असलं की निघताना पकड येते, पण वळणावर एकदा सुटली तर ती जास्त फिरते. काढून टाकू का? मी नको म्हणाले. मी पिशव्या मोजल्या नाहीत. तुमची मुलगी, आणि मोजल्या नाहीत.

परत येताना मला पुण्याचं स्वयंपाकघर दिसत होतं. पावसाळ्याचे दिवस, तुम्ही वरंधा घाटातून परत आलेला असता, कुठला तरी रिकामा टेम्पो कठड्यावर जाऊन बसलेला असतो. तुम्ही पाटावर बसता, मी आणि दादा दोन बाजूंना. तुम्ही सांगता, रस्ता ओला, ड्रायव्हर म्हणतो ब्रेक फेल झाले, ब्रेक फेल वगैरे काही नाही, मागचं हलकं होतं. हे वाक्य आम्ही दोघंही तुमच्यासोबत म्हणायचो. आई ओट्याजवळ उभी राहून पोळ्या लाटते आहे. एकदा ती म्हणाली, "मग हे लोक रिकामं जाताना..." आणि तुम्ही म्हणालात, "तू भाजी वाढ." तिने भाजी वाढली. मला ते वाक्य एवढी वर्षं आठवलं नव्हतं. त्या दिवशी, गाडी चालवताना आठवलं आणि मला तुमचा राग आला, अण्णा. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. आणि लगेच माझं ते "तुला नाही कळायचं" आठवलं, तेव्हा रागावण्यासारखं कोणी उरलं नाही.

घरी आले तर आई मटार सोलत बसली होती. मी कोट न काढताच समोर बसले आणि म्हणाले, "आई, डिकीत पीठ आहे."

"आहे," ती म्हणाली. "काढलंस का?"

"नाही."

"मग बरं."

"पण पीठ कशाला? आणि मला न सांगता?"

"मग काय घालू? इथे वाळू कुठे मिळते मला माहीत नाही. दगड घालायचे तर तुझी गाडी खराब." तिने मटाराचं साल बाजूला टाकलं. "हे रोज सांगायचे जेवताना. मागचं हलकं होतं, मागचं हलकं होतं. तीस वर्षं ऐकलं मी. मला वाटायचं, एवढं कळतंय तर कोणी काही ठेवत का नाही मागे? आपल्याला कोण विचारतंय. पण तू त्या दिवशी हसत हसत सांगितलंस ना, मागचं फिरलं म्हणून, मला रात्रभर झोप नाही."

"मला सांगायचं की."

"सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

 ती थोडा वेळ सोलत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "आणि तू आणि तुझा दादा माझं काय ठरवताय, ते तरी तुम्ही मला कुठे सांगितलंत? शुक्रवारी ब्लडप्रेशर आहे म्हणे. माझ्या गोळ्या मी रोज घेते, ब्लडप्रेशर बरं आहे माझं. मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला. अगं, मी यांच्याबरोबर संसार केलाय. माझ्याकडे कोण कधी कसं बघतंय ते मला पाठ आहे." तिचा आवाज चढला नाही. "पातेलं जळलं माझ्या हातून. जळलं. त्यानंतर दूध ठेवलं की मी तिथून हलत नाही. मला माझ्या घरी जायचंय बाई. माझ्या दाराला माझी किल्ली लावायची आहे, बाकी मला काही नको."

माझ्या सगळ्या नोंदी एकेक करून गळून पडल्या. तीनदा विचारलेला प्रश्न, कारण आम्ही तिला धड उत्तर दिलं नव्हतं. संपलेलं पीठ. बाहीवरचं पीठ. अंगणातल्या सपाता. किल्ली देवापाशी का, तर माझी गाडी देवाच्या पायाशी ठेवायची तिची पद्धत, आणि उचलायला विसरली नव्हती, मीच आधी उठले होते. मला इतकी लाज वाटली आणि इतकं हलकं वाटलं की मी मटार सोलायला घेतले. मग सवयीने विचारलं, "किती पिशव्या ठेवल्यास गं?"

"चार," ती म्हणाली. "चार पुरे. गाडी लहान आहे."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांची वेळ रद्द केली. दादाला फोन केला. त्याने तुमच्याच आवाजात विचारलं, "मग निष्कर्ष काय?" मी म्हणाले, "ठणठणीत आहे. आपण दोघंच मूर्ख आहोत." पिठाची गोष्ट सांगितली, तर तो एवढा हसला की त्याला खोकला आला. मग म्हणाला, "त्या जागेला नाही म्हणून कळवतो." मी म्हणाले, कळव.

आई गेल्या आठवड्यात परत गेली. मोठ्या बॅगा घेऊन नवरा ट्रेनने विमानतळावर पुढे गेला, आणि आईला माझ्या गाडीतूनच जायचं होतं. सकाळी काचांवर बर्फ होता. मी तिला हात धरून खाली बसवलं, पट्टा लावला, पायांवर शाल घातली. तिची हातातली बॅग ठेवायला डिकी उघडली, पण बॅग मावेना. म्हणून तिला सांगून, गालिचा उचलून पिशव्या बाहेर काढायला लागले. पहिल्या चार निघाल्या, लाल रेघेच्या, तुमच्या पंच्यांच्या. त्यांच्या खाली, अगदी आत, आणखी दोन होत्या. निळ्या चौकड्यांच्या, माझ्या टॉवेलांच्या. तोच टाका, तोच दोरा.

मी तिथेच उभी राहिले. डिकीचं झाकण वर होतं, त्यामुळे मी तिला दिसत नव्हते आणि ती मला दिसत नव्हती. टॉवेल बघितले नाहीत, असं ती माझ्या डोळ्यात बघून म्हणाली होती, ते तेव्हा लपवायचं असेल म्हणून म्हणाली असेल. पण नंतर, मटार सोलताना, लपवायला काही उरलं नव्हतं, आणि तेव्हाही ती चार म्हणाली. पंच्यांच्याच तेवढ्या मोजत असेल. माझे टॉवेल घेतले म्हणून ओशाळली असेल. नाहीतर त्या दोन शिवल्याचं तिला खरंच आठवत नसेल. कुठेतरी पाणी मुरतंय की मीच पुन्हा ओल शोधते आहे, हे मला कळेना. आतून तिचा आवाज आला.

"निघाल्या का गं चारही?"

"निघाल्या," मी म्हणाले. "चारही."

आणि त्या दोन मी पुन्हा आत सरकवल्या, वर बॅग आडवी करून कशीबशी बसवली. वाटेत आई खिडकीबाहेर बघत होती. कालव्यावर पातळ बर्फ धरलेला होता, बदकं त्याच्यावरून चालत होती. ती म्हणाली, "ही खाली बसायची गाडी छान आहे. रस्ता जवळून दिसतो." निरोप घेताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला, आणि पर्समध्ये किल्ली आहे ना, ते माझ्यासमोर उघडून बघितलं. किल्ली होती. आता मी तिला रोज सकाळ-संध्याकाळ फोन करते. काय केलंस, काय खाल्लंस विचारते, आणि तीच गोष्ट दोनदा सांगते का, ते ऐकत असते. अजून तरी सांगितलेली नाही. पण मी ऐकत असते, हे तिला कळत असणार.

तुम्ही असतात तर अहवालात लिहिलं असतंत. सांगितल्या चार, निघाल्या सहा. खाली सही. आणि ते बरोबरच झालं असतं, असं मला अर्धा दिवस वाटतं. उरलेला अर्धा दिवस आई कोथरूडला आपलं दार उघडताना दिसते. दादाला मी हे सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही कोणाला सांगणार नाही. त्या दोन पिशव्या अजून डिकीतच आहेत. मेकॅनिक म्हणाला होता ते खरं आहे, वळणावर मागचं जरा जास्त फिरायला बघतं, मला कळतं ते. मी वळणं हळू घेते.